एंटर दोनदा

तंजावुरातल्या एका खाजगी दवाखान्यासाठी मी औषधांचा प्रोग्राम लिहिला, तेव्हा गावात कॉम्प्युटर नवे होते. त्यातली एक छोटी खिडकी मला अजून दिसते. रोग्याला न सोसणारं औषध टाइप झालं की ती पडद्याच्या मध्यावर उघडायची: ‘हे औषध या रोग्याला चालत नाही. तरी द्यायचं?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. वेगळं काही सांगून ठेवलं नाही, तर एंटर दाबताच पहिलं बटण दाबलं जातं. मी सांगून ठेवलं नव्हतं.

तिथे टाइप करायला माझी धाकटी बहीण होती. टाइपरायटिंगची हायर परीक्षा पास झालेली. नजर कागदावर, बोटं आपली चालत राहायची. एक ओळ मोकळी सोडायची सवय, म्हणून दर ओळीनंतर एंटर दोनदा.

“अण्णा, तुझा प्रोग्राम मला डोळा मारतो रे,” ती एकदा जेवताना म्हणाली. “काहीतरी लुकलुकतं आणि जातं.”

“मारू दे. तुला दुसरं कोण मारणार?”

“अय्यो, आई, बघ की हा!”

रसम वाढता वाढता आईही हसली.

मी मात्र समजलो होतो. पहिल्या एंटरने खिडकी उघडत होती, दुसऱ्याने ‘हो’ म्हणून मिटत होती. दुरुस्ती एका शब्दाची. पण नवी फ्लॉपी घालायची तर मालक डॉक्टरांना कारण सांगावं लागलं असतं, आणि मद्रासच्या कंपनीत माझी शिफारस तेच करणार होते. म्हटलं, आधी तेवढं होऊ दे.

मग तिरुवैयारुकडची एक बाई ताप घेऊन आली. बहिणीने टाइप केलेल्या चिठ्ठीवरून नर्सने इंजेक्शन दिलं. दुपारी बाई गेली.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. “हा प्रोग्राम सावध करतो की नाही?”

मी औषध टाइप केलं, एकदाच एंटर दाबला आणि हात मागे घेतला. खिडकी उघडली. तशीच राहिली.

“ही मी कधी पाहिलीच नाही,” बहीण म्हणाली.

“आली असेल ग. तुझं लक्ष नसेल.”

तिने मान खाली घातली. तिची नोकरी गेली. मी मद्रासला गेलो.

आपल्या हातून ती बाई मेली असं ती आजही मानते. दर आषाढात, आमच्याकडच्या आडी महिन्यात, तिरुवैयारुला जाऊन तिच्या नावाने कावेरीत दिवा सोडते.

आम्ही तंजावरचे मराठी, घरात मराठी बोलतो पण शाळेत शिकलो ती तमिळ लिपी; पुढे पुण्यातल्या नोकरीत मी देवनागरी शिकलो, म्हणून हे असं लिहितोय. बहिणीला ती वाचता येत नाही. खरं सांगायचं तर लिहिताना त्याचाच आधार वाटत होता. आज सकाळी तिला फोन करून बोलावून घेतलंय. आली की हे वाचून दाखवायचं आहे, एक शब्दही न गाळता. येते म्हणाली. वाटेत तुझ्यासाठी वांगी घेऊ का, असंही विचारलं.