काडीला एकच हाक

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात कुत्र्याच्या नावासाठी कुणी डोकं शिणवत नाही. काळा असला की काळ्या, लाल असला की लाल्या, झालं बारसं. कल्पिताच्या कुत्रीला मात्र अख्ख्या आळीनं मिळून नाव ठेवलं, काडी. पाय काडीसारखे, बरगड्या लांबूनही मोजता याव्यात अशा, आणि पोट पाठीला चिकटलेलं. कल्पिताचा भाचा निकेत घाटावर ट्रक नेतो. त्यानं मुधोळकडून येताना हे शिकारी जातीचं पिल्लू केबिनमध्ये घालून आणलं होतं. नवरा होडीवर गेला की मावशी घरात एकटी, तिला सोबत म्हणून. आळीतल्या बायकांनी पिल्लू बघितलं आणि कल्पितालाच फैलावर घेतलं. गावभर म्हावरं विकतेस आणि मुक्या जनावराला उपाशी मारतेस होय? ही जातच सडपातळ, हे सांगून सांगून कल्पिता थकली. जो तो येताजाता काडीला भाकरीचा तुकडा टाकून पुण्य पदरात पाडून घेत होता.

मग एका सकाळी ओहोटीला काडी पळाली आणि आळीची तोंडं बंद झाली. वाळूवर बगळे उतरले होते. काडीनं मान वर केली, तिच्या अंगातून एक शिरशिरी गेली, आणि बघता बघता ती जागेवर नव्हतीच. पाठीची कमान होते काय, सुटते काय, चारही पाय एकदम अधांतरी काय! बगळे उडाले तरी ती पळतच राहिली, पार किल्ल्याच्या तटापर्यंत. कल्पिता डोक्यावरची पाटी सांभाळत जागच्या जागी नाचत होती. शाळेत असताना तीही अशीच धावायची. मोठी झाली तसं आईनं धावणं बंद केलं आणि डोक्यावर पाटी दिली, त्याला आता तीस वर्षं होत आली असतील. काडी पळताना बघितली की कल्पिताच्या पोटऱ्या आपोआप शिवशिवत.

पण पळणं रक्तातच असतं, परत येणं शिकवावं लागतं, आणि ते कुणी शिकवलंच नव्हतं. या जातीच्या कुत्र्याला काही हलताना दिसलं की त्याचे कान बंद होतात. काळूराम सुरूच्या बनात शेळ्या चारायचा. त्याची गाभण शेळी काडीला दिसली, शेळी घाबरून पळाली, काडी मागे, काडीमागे "काडे, काडे" ओरडत अख्खी आळी. एवढी माणसं आपल्याबरोबर खेळायला आली म्हणून काडीला आणखीनच चेव चढला. शेळी खाडीच्या चिखलात पोटापर्यंत रुतली. चौघांनी दोर टाकून काढली म्हणून वाचली.

काळूराम तसा वाईट माणूस नव्हे, पण त्याची शेळी त्याची लेक होती. कुत्रीला जन्मभर बांध नाहीतर आली तशी घाटावर धाड, असं त्यानं दारात येऊन सुनावलं. कल्पितानं काडीला बांधली. काडीनं आदळआपट केली नाही, साखळी चावली नाही. नुसती दाराकडे बघत पडून राहिली आणि खाणं सोडलं. ते काही कल्पिताला बघवेना. तिनं काळूरामला गाठून शिमग्यापर्यंत मुदत मागितली. काडीला शिकवते म्हणाली.

काळूराम हसला. "तुझ्या शेळ्या-बोकडांसमोर सोडून दाखवते," ती म्हणाली तर पटकन तयार झाला. फक्त अट घातली.

"एकच हाक मारायची. दुसरी न्हाय. आली त मोकली, न्हाय त निकेतच्या ट्रकात."

कल्पितानं हो म्हटलं खरं. पण काडी हाकेला येतच नव्हती. "काडे, ये" म्हटलं की ती चार हात लांब उभी राहायची आणि शेपूट हलवायची. येईल कशाला? ये म्हटलं की साखळी, हे तिला पाठ झालं होतं. शिवाय तिचं नाव आळीतला प्रत्येक माणूस रिकाम्या हातानं घ्यायचा. फुकट वापरून वापरून ते पार झिजलं होतं.

एकदा तर ती पट्टा सोडवून पसार झाली. हाका मारून कल्पिताचा घसा बसला. शेवटी धंद्याची वेळ टळायला लागली म्हणून तिनं पाटी उचलली, चौलच्या रस्त्याला लागली आणि पहिल्या वाडीच्या तोंडाशी सवयीनं ओरडली, "म्हावरं घ्या गोऽऽ, म्हावरं!" कुठून कोण जाणे, काडी वाऱ्यासारखी आली आणि पाटीखाली उभी राहिली. पिल्लू असल्यापासून पाटीतली उरलेली मांदेली तिचीच असायची. ही हाक खोटी निघत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

कल्पिता भर रस्त्यात खदाखदा हसली.

तिथून शिकवणी सुरू झाली. आधी एका गिऱ्हाइकाच्या कुंपणाच्या वाडीत, मग किनाऱ्यावर, गळ्यात जाळ्याचा लांब दोर बांधून. हाक, मांदेली, आणि लगेच "जा" म्हणून सोडून द्यायचं. चुकून उशिरा आली तरी रागवायचं नाही. मागे तर अजिबात धावायचं नाही, उलट पाठ फिरवून आपणच चालू लागायचं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, चुकत चुकत कळत गेलं. रिकाम्या किनाऱ्याला मासळी विकणारी बाई बघून आळी पोट धरून हसली. एक पर्यटक तर खरंच पिशवी घेऊन आला आणि पापलेट आहे का विचारू लागला. कल्पितानं त्यालाही विकलं.

शिमग्याच्या आदल्या सकाळी वाळूवर जत्रा भरावी तशी माणसं जमली. काळूरामनं शेळ्या आणल्या होत्या. कल्पितानं पाटी खाली ठेवली आणि दोर सोडला. गाठ सुटायला वेळ लागला. काडीनं शेळ्यांकडे बघितलं, कान टवकारले. कल्पितानं तोंड उघडलं, एवढ्यात बनातून ससा सुटला.

ससा! शेळ्या कुठे आणि ससा कुठे! काडी बाणासारखी गेली. ससा बनाला वळसा घालून थेट रस्त्याकडे, अलिबागच्या रिक्षा धावतात त्या रस्त्याकडे, आणि काडी त्याच्या शेपटीशी.

"म्हावरं घ्या गोऽऽ, म्हावरं!"

काडीचा एक कान मागे वळला. पाय थांबले नाहीत.

"झाली हाक," काळूराम म्हणाला. पण तोही रस्त्याकडेच बघत होता.

दुसरी हाक कल्पिताच्या ओठांवर आली होती. ती तिनं गिळली. धावत सुटावंसं वाटलं, तेही केलं नाही. तिनं पाटी उचलून डोक्यावर ठेवली, रस्त्याकडे पाठ फिरवली आणि समुद्राच्या कडेनं चालू लागली, रोज धंद्याला निघते तशी. मागे रिक्षाचा कर्कश हॉर्न वाजला, ब्रेक किंचाळले. कल्पितानं मागे बघितलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय चालत होते.

तिच्या तळहाताला ओलं नाक लागलं.

काडीची जीभ हातभर बाहेर होती, अंग वाळूनं माखलं होतं. कल्पिता तिथंच बसली आणि नवऱ्यासाठी राखून ठेवलेलं पापलेट तिनं अख्खंच्या अख्खं काडीपुढं धरलं. मग पट्ट्यावरचा हात काढला आणि म्हणाली, "जा."

काळूराम धापा टाकत आला. "आली ना बाय? मग आता फिरून कशाला सोरतेस?"

"न्हाय सोरली त उद्या येल कशाला?"

काडी निघालीच होती. किल्ल्याकडे, बगळ्यांकडे. कल्पितानं पाटी काळूरामच्या हातात दिली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि बरोब्बर उलट्या दिशेनं धावत सुटली. अख्ख्या गावादेखत, तीस वर्षांनी. काडीनं वळून बघितलं, आपली बाई पळतेय म्हटल्यावर तिनं बगळे सोडले आणि ती मागे लागली. कल्पिता हसत होती, तिला दम लागला होता, आणि मागून वाळूवर चार पायांचा आवाज जवळ येत होता.

"म्हावरं घ्या गोऽऽ," मागून काळूराम ओरडला.

काडीनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.