झाकण लाव की

"झाकण लाव की आधी, झाकण!" अंबादास प्रयोगशाळेच्या दारातून ओरडला, तेव्हा माझ्या एका हातात भाकरी होती आणि दुसऱ्या हातात त्याची बाटली. तांबूस, रवाळ पूड. सोलापूरच्या माणसानं तिला शेंगाचटणी समजावं यात माझी काय चूक? तो ओरडला असा, की शेजारच्या बंद गिरणीवरची कबुतरं उडाली ती कुंभारीला जाऊन बसली. अजून परतलेली नाहीत. महिन्यापूर्वी त्याच्या मुलाचा फोन आला, "बाबा गेले, काका," तेव्हा मला आधी ती आरोळीच ऐकू आली...

त्याचे वडील मागावर चादरी विणायचे. हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि अणूंच्या जाळ्या विणायचा. "बापाच्या चादरीला भोक पडलं की शेठ परत पाठवायचा. माझ्या चादरीत भोकंच हवीत," म्हणायचा. बॅटरीतले भारित कण त्या भोकांतून ये-जा करणार, बॅटरी झटकन भरणार, जास्त टिकणार. पण हवेतलं पाणी आधी आत घुसून बसायचं, म्हणून झाकणासाठी एवढा जीव टाकायचा. चिमूटभर पुडीतल्या भोकांच्या भिंती उलगडून अंथरल्या तर मैदान झाकेल, असं त्यानं एकदा सांगितलं. माझ्याहून मोठी थाप मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो.

"मग गड्ड्याची जत्रा मावेल का रे तीत?"

"पाळण्यांसकट. तू तेवढा बाहेर राहशील."

पुढं कळलं, मैदानाचं खरंच होतं. त्या धक्क्यानं मी आठ दिवस जेवलो नाही. म्हणजे, दोनच भाकऱ्या.

चार वर्षं हुलकावणी देणारी जाळी गेल्या पावसाळ्यात एकदाच जमली, सतराव्या खेपेला. पुन्हा तशी साधली नाही, आणि त्याची विद्यार्थिनी शबाना हिचा सगळा प्रबंध त्या एका बाटलीवर अडकला. तो गेल्यावर बाटली सापडेना. वहीत एवढंच लिहिलेलं: '१७ – घरी'. दुःखातल्या त्याच्या बायकोला विचारायचं कसं, म्हणून शबाना मला त्याच्या घरी घेऊन गेली. भेटायला आल्याच्या बहाण्यानं आम्ही कपाट पाहिलं, माळा पाहिला. मी तर कूलरमध्ये डोकं घातलं.

"भावजी, काय हरवलंय?" पद्मावहिनींनी चहा ठेवत विचारलं.

सांगावं लागलं. त्या आत गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन आल्या. मिठात रुतवलेली बाटली वर काढली. चिठ्ठीवर त्याच्या तिरक्या अक्षरात १७. तोंडाला झाकण नाही. जुन्या चादरीचा तुकडा, दोऱ्यानं गच्च बांधलेला.

"पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतंय म्हणाले होते मी. त्यांनीच आणून ठेवली."

ज्या पुडीसाठी त्यानं माझ्या तोंडातला घास अडवला होता, ती...

शबाना बाटली उजेडात धरून बघत राहिली. "तापवली की पाणी सोडेल, काका. चालेल," म्हणाली आणि ओढणीनं डोळे पुसले. तिनं अर्धी पूड आपल्या बाटलीत ओतली, झाकण घट्ट फिरवलं. उरलेली वहिनींच्या हातात परत दिली. त्यांनी फडकं पुन्हा बांधलं आणि बाटली मिठात खोवली.

"वहिनी, हिलाही झाकण लावा की," मी सवयीनं म्हणालो.

"झाकण लावल्यावर मिठाला काय उपयोग?" वहिनी म्हणाल्या.