चपला कोणाच्या, हे मला माहीत होतं

पंचफुला गेली त्याच्या बारा दिवस आधी मी अकोल्याला तिच्याकडेच होते. संध्याकाळी साडेसातला तिची सिरियल लागायची, आणि त्या अर्ध्या तासात घरात कोणी मोठ्यानं बोललेलं तिला खपत नसे. स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतलं एक बडं शेतकरी घराणं, त्यातल्या सासवा-सुना, गडीमाणसं, असं ते कथानक. मी अमरावतीहून गेले की आम्ही दोघी शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसायचो. ती बघायची आणि बोलायची, मी ऐकायचे. त्या संध्याकाळच्या भागात मोलकरणीच्या मुलीवर चोरीचा आळ आला आणि घरची लेक, असेल तेरा-चौदा वर्षांची, सगळ्या पुरुषांसमोर उभी राहून ठणकावून म्हणाली की ही निर्दोष आहे. मागे संगीत चढलं, आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हातातली बशी खाली ठेवली. पंचफुलानं रिमोटनं आवाज कमी केला आणि पडद्याकडे बघतच म्हणाली, "अशी पोट्टी मी तं नाई पाह्यली कुठं."  बारा दिवसांनी सकाळी तिच्या मुलीचा, संघमित्राचा, फोन आला की आई झोपेतच गेली. मला रडू आलं ते नंतर. आधी जे वाटलं ते लिहायला लाज वाटते... सुटले, असं वाटलं. आता ते कोणी विचारणार नाही.

तिला अकोल्यात 'बाई' म्हणून ओळखत. प्राथमिक शाळेत आयुष्य काढलं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या पोरांना दारात उभं करून त्यांचं शुद्धलेखन तपासत राहिली. टीव्हीचा नाद तिला उतारवयात लागला, तोही असल्या जुन्या काळातल्या मालिकांचाच. बाकीच्या बायका दागिने बघायच्या, ही पाय बघायची. मला कोपरानं ढोसून म्हणायची, "पाय पाह्य इचे. सकाळपासून शेण काढून राह्यली म्हणते, अन् टाचेले भेग नाई!" मग एकदा सुरू झाली की थांबत नसे. त्या मालिकेत गडीमाणसांना आडनाव नसतं, त्यांचं सगळं आयुष्य मालकाच्या घरचं भलं चिंतण्यात जातं, आणि मालकाचं सुख-दुःख काढून घेतलं तर त्यांच्याजवळ रडायलासुद्धा स्वतःचं काही उरत नाही, हे तिनं मला पहिल्यांदा दाखवलं. सुनेला मारझोड झाली की कॅमेरा तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर थांबतो. जेवणाच्या पंक्ती उठल्यावर तिच्या ताटात काय आलं, ते कधी दिसत नाही. "अन् वाईट कोण? एक काका. मिशीवाला. बाकी सारं घर सोन्याचं," ती म्हणायची. "सारं पाप एका काकाच्या डोक्यावर ठेवलं की बाकीचे बिनघोर झोपतेत." मी हसायचे. मग विषय बदलायचे.

एकदा मी उगाच मालिकेची बाजू घेतली. म्हटलं, अगं, निदान दाखवतात तरी, आपल्या नातवंडांना कळतं तेवढं. तिनं रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, "सारं दाखवतेत, विमल. कंदील दाखवतेत, पितळेचे भांडे दाखवतेत, नऊवारी लुगडे दाखवतेत. भेव नाई दाखवत. आपल्या वक्ताले सारं घर, सारं गाव भेवावर चाले. कोण कोणाले भेत होतं, थे जर दाखवलं नाई, तं मंग काय दाखवलं?" त्या वाक्यानंतर मी तिच्याकडे बघू शकले नाही. कारण भीतीबद्दल तिला जे माहीत होतं त्यातलं थोडं मी तिच्या पदरात टाकलेलं होतं.

आमचं गाव बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना लागतं. काळी जमीन, कपाशी, तूर, जवारी. आमचं घर खात्यापित्यांपैकी, कारभार वडिलांच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे मोठ्या बाबांच्या हातात. पंचफुलाचे वडील गंगाराम आमच्याकडे सालदार होते, वर्षाच्या करारानं राबणारे. माझ्या वडिलांपेक्षा ते वयानं मोठे, पण आमच्या घरातलं शेंबडं पोरही त्यांना नुसतं "गंगाराम" म्हणून हाक मारी. नागपूरच्या दीक्षेला दोन-अडीच वर्षं झाली होती. गावाच्या पूर्वेच्या वस्तीनं देव नदीत सोडले होते, मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं होतं, आणि गाव टपून बसलं होतं. 'लय माजले' हे दोन शब्द मी त्या वर्षी जितके ऐकले तितके आयुष्यात पुन्हा ऐकले नाहीत. अशात गंगारामनं मुलीला चौथीच्या पुढं शिकवायचं ठरवलं. पुढची शाळा शेजारच्या मोठ्या गावात, दोन मैलांवर. तिथं जाणाऱ्या मुली आमच्या गावातून दोनच, ती आणि मी. मला शाळेत पाठवताना मोठ्या बाबांनी माझ्या आईला सगळ्यांसमोर बजावलं होतं की गावातल्या कोणी हिच्याकडे बोट दाखवलं, तर त्या दिवशी शाळा बंद आणि वैशाखात लग्न. आई मान खाली घालून उभी होती. मी आजही ती तशीच उभी असलेली बघते.

जाता-येता आम्ही गावाच्या हद्दीपर्यंत दहा पावलं अंतर ठेवून चालायचो आणि शेतं लागली की अंतर मिटायचं. आमच्या गावाची आणखी एक रीत होती. वेशीतल्या पारावर माणसं बसलेली असत, आणि पारासमोरून कोणत्याही बाईनं पायात चपला घालून जायचं नाही. सून असो, लेक असो, पाटलाच्या घरची असो. अलीकडच्या लिंबाच्या झाडाखाली चपला काढायच्या, पिशवीत टाकायच्या, पार ओलांडला की पुन्हा घालायच्या. शाळेत जायला लागल्यावर वडिलांनी मला अमरावतीहून लाल पट्ट्यांच्या चपला आणल्या होत्या. लिंबाखाली आलं की माझे हात आपोआप पायाकडे जात. पंचफुलाच्या वस्तीतल्या पुरुषांनासुद्धा त्या पारासमोर चपला चालत नसत. पण तिला हा नियम पाळायची वेळच आली नव्हती, कारण तिच्याजवळ चपला नव्हत्या.

त्या दिवशी परत येताना वेचणी संपलेल्या वावरातून आम्ही जवळची वाट धरली. कपाशीच्या पऱ्हाट्या कापलेल्या होत्या आणि खुंट वर आलेले होते. एक खुंट पंचफुलाच्या तळपायात शिरला. रक्त वाहायला लागलं. मी चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. ती नको म्हणाली. मी तिच्यावर ओरडले, "घाल म्हणते ना!" तिनं घातल्या. पुढं आम्ही गणिताच्या बाईंबद्दल बोलत होतो, त्यांची नक्कल करत होतो, हसत होतो. लिंबाचं झाड आलं आणि गेलं. माझ्या पायात काढायला काही नव्हतं, म्हणून माझे हात हलले नाहीत. आणि तिला काढायची सवय नव्हती, कारण घालायचीच सवय नव्हती. मी सवयीनं दहा पावलं पुढं झाले आणि पारासमोर आल्यावर मला मागून चपलांचा आवाज ऐकू आला. फट्... फट्... पारावरचं बोलणं एकदम थांबलं.

मोठे बाबा पारावर होते. त्यांनी आवाज चढवला नाही. "विमले, इकडं ये. ह्या चपला तुह्या ना?" मी मान हलवली. "इच्या पायात काहून?"  मागून कोणीतरी म्हणालं, "उचलल्या असन शाळेतून, दुसरं काय!" मोठे बाबा माझ्याकडेच बघत होते. "तू देल्या का इले?" एका शब्दाचं उत्तर होतं. माझ्या डोळ्यांपुढे शाळा आली, वैशाख आला, मान खाली घातलेली आई आली. पंचफुला माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कारण तिला वाटत होतं की मी सांगणार. मी म्हणाले, "मले नाई मालूम." तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती आली. ती मी आणली. तिनं वाकून चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या. डाव्या चपलेत रक्त होतं. ते पारावरच्या प्रत्येकाला दिसलं असणार, आणि ते कोणी विचारलं नाही.

गंगारामना शेतातून बोलावून घेतलं. त्या चपला डोक्यावर ठेवून त्यांना पारापासून आमच्या दारापर्यंत चालवलं. मी दाराआडून बघितलं. आईनं माझे पाय बघितले. पिंढऱ्यांपर्यंत काळी माती, तळव्यांना ओरखडे. तिला सगळं कळलं. माझा दंड धरून ती कानात म्हणाली, "चूप राह्य. तुह्या बापाले समजलं तं थो मले माहेरी धाडन." त्या घरात मी एकटीच भेकड नव्हते, पण त्यानं माझं भेकडपण कमी होत नाही.

त्यानंतरचे आठ दिवस मी विसरू शकलेले नाही. वस्तीतलं कोणी कामावर आलं नाही. आमच्या बैठकीत माणसं जमायची, आणि मी पाणी घेऊन गेले की गप्प व्हायची. 'एकदा दाखवून द्यायला पायजे' एवढं एकदा कानावर पडलं. काय दाखवणार होते? दुपारी मी पुन्हा पुन्हा मागच्या भिंतीवरून वस्तीकडे बघायचे. धूर दिसला की वस्तीला आग लावली असंच वाटायचं. मग तो बारीक आहे, चुलीचाच आहे, असं दिसलं की मी खाली उतरायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा चढायचे. खरं सांगितलं तर हे थांबेल, हे मला कळत होतं. रोज सकाळी ठरवायचे, आणि मोठे बाबा समोर आले की पाण्याचा तांब्या ठेवून परत फिरायचे. शेवटी काही झालं नाही. गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात, आपल्या गावात तेव्हा काहीच झालं नाही. गंगारामनं सालदारकी सोडली आणि मुलीला अकोल्याला कापडाच्या गिरणीत असलेल्या तिच्या मामाकडे पाठवलं. आणि ज्या शाळेसाठी मी खोटं बोलले, ती पुढच्याच उन्हाळ्यात सुटली. पुढच्या वर्षी वैशाखात माझं लग्न झालं.

साठीच्या दशकाच्या अखेरीस नवऱ्याची अकोल्याला बदली झाली. थोरलीला पहिलीत घालायला मी जवळच्या शाळेत गेले, आणि टेबलामागे पंचफुला. रजिस्टरमधून मान वर न करता तिनं विचारलं, "मुलीचं नाव?" मी सांगितलं. आवाजावरून ओळखलं असावं. वर बघितलं. मला पळून जावंसं वाटलं. तिनं समोरची खुर्ची दाखवली. "बस, विमल." एवढंच. पुढं कितीतरी दिवस मी मुलीला शाळेतून आल्या आल्या विचारायचे, बाई मारतात का, बाई काही बोलतात का. मुलगी म्हणायची, बाई मला पुढं बसवतात. त्या उत्तरानं मी आणखी घाबरायचे. शिक्षा येणारच आहे, फक्त उशीर होतोय, असं वाटत राहायचं. ती आली नाही. तिच्याऐवजी बाळंतपणात डिंकाचे लाडू आले, नवरा आजारी पडला तेव्हा दवाखान्यातला डबा आला, पन्नास-पंचावन्न वर्षांची मैत्री आली. त्या सगळ्या वर्षांत त्या चपलांचा शब्द आमच्यात निघाला नाही. मी काढला नाही. तिनं मला काढायला लावला नाही.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या स्मरणाच्या विधीला, मी अकोल्याला गेले. भन्तेजींची वंदना झाली, माणसं बोलली. मला बोलायचा आग्रह झाला तेव्हा मी हातानं नकार दिला. मंडळी पांगल्यावर संघमित्रा मला आईच्या खोलीत घेऊन गेली. टीव्ही बंद, समोर त्या दोन खुर्च्या. ती म्हणाली, "मावशी, एक विचारायचं होतं. आई आम्हाला लहानपणापासून एक गोष्ट सांगायची. पायात खुंट गेला, एका मुलीनं चपला दिल्या, आणि मग पारावर ती मुलगी 'माहीत नाही' म्हणाली. तुम्ही त्याच गावच्या. कोण होती हो ती?"

ऐंशी वर्षांची झाले मी. सासू नाही, नवरा नाही, मोठे बाबा जाऊन चाळीस वर्षं झाली. तरी माझ्या तोंडात पहिल्यांदा तेच तीन शब्द आले... मी ते गिळले. म्हटलं, "मी. चपला मीच दिल्या होत्या."

संघमित्रानं मान वळवली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "आम्ही नाव विचारायचो. आई म्हणायची, नाव नाही सांगणार, ती आपल्या घरी येते. नाव कळलं तर तुम्ही पोरं तिला चहा देणार नाही." आणि ती उठून आत गेली.

मी बसून राहिले. पिशवी मांडीवर घेतली. जावं का, विचारावं का, काही सुचेना. आतून कसलाच आवाज येत नव्हता. पारासमोर उभी असताना वाटली होती तेवढी भीती मला त्या खोलीत वाटली. पुष्कळ वेळानं गॅस पेटल्याचा आवाज आला. त्या घरात पाहुण्याला एकट्यानं चहा पिऊ द्यायचा नाही, ही पंचफुलाची शिस्त. स्वतःला नको असला तरी ती अर्धा कप घेऊन समोर बसायची. संघमित्रा दोन कप घेऊन आली. एक माझ्या हातात दिला, दुसरा घेऊन आईच्या खुर्चीत बसली. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, पण माझा चहा संपेपर्यंत ती उठली नाही.