झुलीवर झूल

वहिनींशी शेवटचं बोलणं झालं ते माझ्या शर्टावरून. भिलाईत, दादाच्या रिसालीतल्या घरी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, अंगात तोच जांभळ्या फुलांचा गाऊन. वर्षभराच्या आजारपणात दुसरं काही सोसतच नव्हतं त्यांना. औषधानं तोंड कडू होई, म्हणून गाऊनच्या खिशात कायम वेलदोडे. मला पाहताच म्हणाल्या, "भाऊजी, हा शर्ट जुना झाला की माझ्याकडे टाका." म्हटलं, "अहो, मागच्या दिवाळीचा आहे." "मी कुठं घाई करून राहिले?"... आषाढात त्या गेल्या. शर्ट अजून नवाच आहे.

शर्टावर डोळा होता तो नंदीसाठी. नंदी म्हणजे आमचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा वैदर्भीयांची मुलं असे बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, घेऊन येतात. वहिनी भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या लेक. लग्न होऊन भिलाईला आल्या, तर इथं चिमण्यांचा धूर, शिफ्टचा भोंगा, आणि बैल म्हणाल तर औषधालाही नाही. मी तेव्हा नुकताच स्टील प्लांटमध्ये लागलो होतो, दादाच्याच क्वार्टरात राहत होतो. पहिल्या पोळ्याला वहिनी स्वयंपाकघरात गप्प बसलेल्या. "कावून गप्प?" विचारलं, तर म्हणाल्या, "घरी बाबा बैल सजवून राहिले असन." मला काही ते बघवेना. दुसऱ्या दिवशी बाजारातून लाकडी बैल घेऊन आलो. घाईत पाहिलंच नाही, एक शिंग आखूड निघालं. वहिनींनी शिंग पाहिलं, मग मला पाहिलं आणि खुदकन हसल्या. "शोभते आपल्या घराले."

त्या दुपारी दादाच्या फाटक्या युनिफॉर्मच्या पँटीची झूल झाली. पुढच्या वर्षी माझ्या लुंगीची, मग पोरांच्या शाळेच्या कपड्यांची... शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, कडेनं टिकल्या. नवीन झूल जुनीच्या वरच शिवायची, जुनी काढायची नाही. "अंगावरचं काढून घेते का कोणी?" असं त्यांचं म्हणणं. आणि कापड नवं चालत नसे, त्या साली घरात कुणाच्या तरी अंगावर झिजलेलंच हवं. शेजारच्या छत्तीसगढी बाईंकडून त्या ठेठरी-खुर्मी हे तिकडचं खारं-गोड तळण शिकल्या होत्या. श्रावण सरत आला की घरभर गुळाचा वास सुटायचा आणि आमच्या दारी आलेल्या प्रत्येक बैलाला बोजारा मिळायचा तो खुर्मीचा. दादा दरवर्षी कुरकुरायचा, "लाकडाले दरसाल कपडे, अन् माझ्या बनियानीले भोकं." वहिनी मान वर न करता म्हणायच्या, "दम धरा. ती बी त्यालेच लागन." आणि खरंच, पुढच्या साली बनियान नंदीच्या पाठीवर असायची.

यंदा पोळा आला आणि माझा जीव काही राहीना. तो चौकटीचा शर्ट पिशवीत घालून रिसालीला गेलो आणि टीव्हीच्या कपाटावरून नंदी खाली घेतला.

"यंदा सण नाही आपल्याले," दादा म्हणाला.

"सण नको रे. पण वहिनींनी याला एक साल तरी तसाच ठेवला का?"

मी शर्टाला कात्री लावणार, तोच दादा म्हणाला, "नवा कापतो? तिले चाललं असतं का?" उठून आत गेला... बऱ्याच वेळानं आला तो गाऊन घेऊन. कोपरांवर विरलेला, जांभळी फुलं पुसट झालेली. "यंदा या घरात झिजलं ते हेच," म्हणाला. मला रडू आवरेना. त्याला तर आधीच आवरलं नव्हतं, डोळे सुजले होते.

सुईत दोरा ओवता ओवता आम्हा दोन म्हाताऱ्यांची दुपार गेली. माझे टाके पाहून वहिनींनी नक्की नाक मुरडलं असतं. टिकल्या लावल्या नाहीत, नंदीला दाराबाहेरही नेलं नाही. दादाचा हट्ट एकच, गाऊनचा खिसा कापायचा नाही. म्हणून तो झुलीच्या कडेला तसाच राहिला.

परवा सहज गेलो होतो. दादा आत चहा टाकत होता. नंदीच्या पाठीवरून हात फिरवला, तर खिशात काहीतरी लागलं. दोन वेलदोडे होते, ताजे, हिरवे. दादाला वेलदोड्याचा वाससुद्धा खपत नाही.