मावशींची पाठ

मावशी रागावल्या की खुर्ची फिरवायच्या. आरडाओरडा नाही, दार आपटणं नाही. उठायचं, खुर्चीचं तोंड भिंतीकडे करायचं आणि पुन्हा बसायचं, पाठ आपल्याकडे. मग तुम्ही कितीही 'मावशी, मावशी' करा, उत्तर एकच यायचं, तेही भिंतीला सांगितल्यासारखं.

"समोर येऊन बोल."

समोर जाणं सोपं नव्हतं. भिंत आणि खुर्ची यांच्यात वीतभर जागा. अंग चोरून तिथे शिरायचं आणि त्यांच्या नाकासमोर उभं राहून काय केलं ते कबूल करायचं. विचारल्याशिवाय त्यांचा पंखा बंद केला, एवढ्या गुन्ह्यालाही हीच शिक्षा. आमच्या ऑफिसात त्या फटीत उभा न राहिलेला माणूस नव्हता. साहेबसुद्धा एकदा उभे होते, पोट आत ओढून.

ऑफिस म्हणजे इतवारीतल्या एका भांड्यांच्या ठोक दुकानावरचा मजला. तिथे आम्ही मोबाइलवरचे गेम बनवायचो. मी चित्रं काढायचो, मावशी आवाज द्यायला यायच्या. साठीच्या आसपासच्या, सक्करदऱ्याला मुलीकडे राहणाऱ्या. उभं आयुष्य त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत काढलं होतं. धानाची कापणी आटोपली की गडचिरोली-भंडाऱ्याकडे गावोगावी नाटकांचा सीझन सुरू होतो, तिथे त्या आधी नायिका होत्या, मग वहिनी, मग सासू. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मंडप सुटला. आवाज मात्र तसाच खणखणीत राहिला आणि स्वभावही.

एका संस्थेला शाळकरी मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा गेम हवा होता. नमुना म्हणून साहेबांनी मावशींना बाजारातला एक गेम दाखवला. तुम्हीही तुमच्या घरातल्या मुलांच्या हातात असलं काहीतरी पाहिलं असेल. रस्त्यात भिकारी बसलेला असतो. त्याच्यावर बोट ठेवलं की नाणं खणकन वाजतं, तुमच्या नावावर चांगुलपणाचे तारे जमा होतात आणि भिकारी नाहीसा होतो.

"गेला कुठं तो?" मावशींनी विचारलं.

"त्याचं काम झालं ना, मावशी," साहेब म्हणाले.

"त्याचं झालं का तुह्यं झालं? त्याले जेवाले भेटलं का नाही, ते तं सांगतलंच नाही."

"मावशी, मुलांना तारे आवडतात."

"मंग तारेच वाटा. भिकारी काहून बसवून राहिले तिथं?"

आणि खुर्ची फिरली.

त्या दिवशी आमच्या गेमची कथा ठरली, ती मावशींच्या पाठीमुळे. गेममध्ये एक आजी असते, शाळेच्या वाटेवर बोरं विकणारी. खेळणाऱ्या मुलाच्या हातून तिचा पाण्याचा माठ फुटतो. खरं सांगायचं की मित्राचं नाव पुढे करायचं, हे मुलाने ठरवायचं. मित्राचं नाव सांगितलं की आजी पाठ फिरवून बसते. तारे कमी होत नाहीत, घंटी वाजत नाही. ती फक्त पाठ फिरवते आणि मग तिच्या दुकानावरून जाताना तुम्हाला रोज ती पाठ दिसते. तिने पुन्हा समोर बघावं असं वाटलं तर वळसा घालून तिच्यापुढे जायचं, खरं बोलायचं, नवा माठ आणायचा, तो भरून द्यायचा. मग ती माफ करते. मी ती पाठ काढली, अंबाड्यासकट, मावशींच्या मागे बसून. त्यांना चित्र दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "खांदा एवढा पाडू नको गा. रागावली आहे ते, थकली नाही."

गेमसाठी आवाज घेण्याची रीत नाटकाहून वेगळी. प्रत्येक वाक्य सुटं बोलायचं. 'ये बाळा' वेगळं, 'माठ कोणं फोडला?' वेगळं. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांसारखी ती ठेवलेली असतात, लागेल तिथे लागेल ते काढायचं. मावशींना हे काही केल्या पटेना.

"समोर कोणीच नाही. मी माफ कोणाले करू? माइकले?"

शेवटी साहेबांनी मला आत ढकललं. खिडक्यांना गाद्या लावलेल्या त्या खोलीत, घामाने निथळत, मी माइकच्या बाजूला उभा राहून म्हणायचो, "आजी, माठ मीनंच फोडला. चुकलो." मावशी माझ्याकडे बघत राहायच्या. खाली कोणाच्या हातून परात पडली की सगळं पहिल्यापासून. माझं म्हणणं त्यांना पोकळ वाटलं तरी पहिल्यापासून. "असं नाही. पोटातून बोल. उपकार करून राहिला का?" मी किती वेळा चुकलो म्हटलं देव जाणे, पण शेवटी शेवटी मला खरंच रडू आलं. कुठला माठ आणि कुठली आजी! तेव्हा मावशींचा चेहरा जरासा सैल झाला आणि त्या हळूच म्हणाल्या, "जाय बाळा, माफ केलं तुले."

तेच वाक्य ठेवलं. त्याच्या आधीचं माझं 'चुकलो' अर्थातच कापलं.

मावशींचं काम संपलं, त्या घरी गेल्या. गेम एका शाळेत मुलांना खेळायला दिला. काही पोरांनी माठ भरला. बरीच पोरं आजीच्या पाठीपाशी आली आणि कंटाळून गेम बंद करून गेली. साहेबांना घाम फुटला. पगार त्यांनाच द्यायचे होते, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी जे केलं ते कोणत्या तोंडाने केलं, हे मला आजही कळत नाही. त्यांनी नवा माठ आणणं काढलं. पाण्याची खेप काढली. समोर जाऊन खरं बोलणं काढलं. आजीच्या पाठीखाली एक हिरवं बटण लावलं, 'जाहिरात पाहा, माफी मिळवा'. बटण दाबलं की कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरात लागायची. ती संपली की आजी वळायची आणि मावशींच्या आवाजात म्हणायची, "जाय बाळा, माफ केलं तुले."

आणि याचं नाव मूल्यशिक्षण! लहान मुलांना आम्ही हे शिकवणार होतो, की ज्याचं वाईट केलं त्याच्यापुढे जायची गरज नाही. जरा वेळ साबण बघा, तेवढ्यात तो तुम्हाला माफ करतो. त्याला करावंच लागतं, त्याला तसं बनवलंय.

मी साहेबांशी भांडलो. ते म्हणाले, "आवाज आपण विकत घेतलाय ना यार. कुठेही वापरू." पुढे मी ती नोकरी सोडली. त्यात शौर्य काही नव्हतं, दुसरी मिळाली होती. पण सोडताना वाईट वाटलं नाही, एवढं खरं.

मावशींना दुसऱ्याकडून कळण्याआधी आपणच सांगावं, म्हणून सक्करदऱ्याला गेलो. त्यांच्या मोबाइलवर गेम घेतला. त्यांनी माठ फोडला, मित्राचं नाव सांगितलं, आजीने पाठ फिरवली. हिरवं बटण आलं. मी सगळं सांगून टाकलं.

"माह्या तोंडून?" एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ते वाक्य तं तुले म्हटलं होतं मीनं. तू रडला होता तवा. हे कोणाले वाटून राहिले?"

"मावशी, साहेबांना फोन लावू का?"

"फोन नाही. त्याले म्हणा, समोर येऊन बोल."

मी निरोप दिला. साहेब 'नक्की येतो' म्हणाले. दर वेळी नक्की म्हणाले. बटण मावशींनी दाबलं नाही. मी दाबून दाखवायला गेलो, तर माझा हात धरला. "बसू दे तिले तशीच. तिच्यापाशी कोणी आलंच नाही अजून."

पुढे मावशी वारल्या. घरी भेटायला गेलो तेव्हा साहेब आधीच येऊन बसले होते. पांढरा सदरा, समोर चहा. मावशी किती मोठ्या कलावंत होत्या, हे ते मुलीला सांगत होते. जरा वेळाने माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "माझ्यावर रागावल्या नव्हत्या ना रे?"

मी उत्तर देण्याआधी मुलगी आतून मावशींचा मोबाइल घेऊन आली. "दादा, हे काय आहे पाहा ना. आई रोज उघडे, पाहे आणि ठेवून दे. खेळे तं काहीच नाही." मोबाइल तिने माझ्याकडे धरला होता, पण साहेब मध्ये बसले होते, तो त्यांच्या हातात गेला.

पडद्यावर आजी पाठ फिरवून बसली होती. खांदा ताठ, अंबाडा जिथल्या तिथे. साहेब त्या पाठीकडे बघत राहिले. खाली त्यांनीच लावलेलं हिरवं बटण चमकत होतं. दाबलं असतं तर मावशींच्या आवाजात माफीही मिळाली असती.

त्यांचा अंगठा हलला तसा मी मोबाइल काढून घेतला.