पंख्यात अडकलेला दोरा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. लातूरच्या ज्या कॉलेजच्या ऑफिसात मी लिपिक आहे, तिथला एक कॉम्प्युटर काही वर्षांपूर्वी चालता चालता बंद पडायचा. त्याचं खापर त्यावर बसणाऱ्या बाईंवर फुटलं आणि त्यांची नोकरी गेली. तो का बंद पडतो, हे त्या वेळी फक्त मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा ऑफिसात समज होता. समजच. तरुणपणी एक कोर्स केला होता, शिवाय माझ्याकडं स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच होता. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला हाक. नेट गेलं की मला हाक. अशा हाकांची माणसाला चटक लागते, हे मी आज कबूल करतो.

त्या बाई कंत्राटावर डेटा ऑपरेटर म्हणून आल्या होत्या. मूळ मुदखेडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. वडील रेल्वेत गँगमन होते. इथं आईला घेऊन भाड्याच्या खोलीत राहायच्या. सगळे त्यांना म्याडम म्हणायचे, मीही. टायपिंगचा वेग असा की आमचे शिपाई मामा म्हणायचे, "म्याडम, जरा हळू, बोटं गरम होतील की." त्यावर त्या मान वर न करता म्हणायच्या, "मामा, तुमच्या चहापेक्षा तरी गरमच ऱ्हातील."

आमच्या ऑफिसात खंडेनवमीला पूजा होते. कपाटं, सायक्लोस्टाइल मशीन, पूर्वी टाइपरायटर, आता कॉम्प्युटर. आदल्या दिवशी सगळं पुसायचं, मग हळदकुंकू, अक्षता, झेंडूचे हार. त्या वर्षी पूजा मीच मांडली. म्याडमच्या मशीनचा बाजूचा पत्रा मी धूळ झटकायला काढला होता. तो लावायचा, तर मला वाटलं, राहू दे उघडा. खरं यंत्र आत आहे, पूजा आतपर्यंत पोचू दे. सगळ्यांना ती कल्पना फार आवडली. प्राचार्य म्हणाले, "वा! हे खरं शस्त्रपूजन." मी मशीनच्या डब्यावरून हार असा सोडला की त्याचं एक टोक आत लोंबत राहिलं. आरती झाली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. पेढे वाटायला सुरुवात झाली तसा मी घाईघाईनं पत्रा बसवला. हार वर ओढून घेतला तेव्हा कुठंतरी अडकल्यासारखं झालं, पण मी जोर लावला आणि तो आला. किती आला, हे कोण बघतंय.

म्याडमनी हात जोडले नव्हते. त्या दाराशी शांत उभ्या होत्या. नंतर पेढा घेतला, सगळ्यांना चहा ओतून दिला. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी आपला कीबोर्ड जुन्या टूथब्रशनं एक-एक बटण करत साफ केला होता, ते मी पाहिलं होतं.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात मशीन बंद पडायला लागलं. बारावीच्या परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन भरायचं काम चालू होतं. एकामागून एक फॉर्म, फोटो, सह्या स्कॅन करणं. मधेच पडदा काळा. पंधरा मिनिटांनी बटण दाबलं की सुरू, जसं काही झालंच नाही. अर्धवट भरलेला फॉर्म मात्र गेलेला असायचा.

"सर, बघा की जरा," म्याडम म्हणाल्या.

मी बघितलं. पहिल्यांदा बोर्डाची पिन बदलली. मग यूपीएस काढून थेट लाइन दिली. मग व्हायरस शोधला, दोन-चार सापडले, ते काढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "झालं काम." दुसऱ्या दिवशी दीड वाजता पुन्हा बंद. मग पत्रा उघडून रॅम काढली, खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली. डब्याच्या तळाशी वाळलेल्या दोन-तीन पाकळ्या होत्या. त्या फुंकून टाकल्या. प्रोसेसरच्या पंख्यावर काळ्या प्लॅस्टिकचं, फटी असलेलं टोपण होतं, ते काही मी काढलं नाही. चार स्क्रू होते, जेवायची वेळ झाली होती.

गंमत अशी की मी बसलो की मशीन चालायचं. अर्धा तास, पाऊण तास, व्यवस्थित. मी करायचो काय, तर एखादं पत्र टाइप करायचो. म्याडम मात्र त्याला सकाळपासून जुंपून ठेवायच्या. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात यायला हवा होता. त्यांच्या आला होता.

"सर, डब्याला हात लावून बघा, वरून लई तापतंय."

"तापणारच," मी म्हणालो. "ऑक्टोबर आहे म्याडम, आपण पण तापलोत."

सगळे हसले. त्या हशाची मला सवय होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पुन्हा मशीन बंद पडलं, म्याडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या, आणि मी म्हणालो, "म्याडम, तुम्ही खंडेनवमीला हात जोडले नाहीत ना, त्यानं मशीन रुसलंय."

हे वाक्य पहिल्यांदा मी बोललो. इतकी वर्षं मी स्वतःलाच सांगत आलो की ते मामा बोलले. मामांनी फक्त पुढं नेलं. "हाव की म्याडम, एक डाव हात जोडून टाका, काय जातंय?" मग हजेरीपट घेऊन येणारे शिक्षकसुद्धा विचारायला लागले, "काय, रुसवा निघाला का?" म्याडम पहिले दोन दिवस हसल्या. एकदा म्हणाल्या, "मशीनला माझा धर्म कळतोय, तर मग त्याला फॉर्म पण भरता येत असंल." त्यानंतर हसायच्या बंद झाल्या.

असं बोलणं वरपर्यंत जायला वेळ लागत नाही. प्राचार्यांकडं पोचेपर्यंत त्यातली थट्टा गळून गेली होती. त्यांनी मला बोलावून विचारलं, "त्या बाई बसल्या की बंद, तुम्ही बसलात की चालू. हा काय प्रकार आहे? काही चुकीचं बटण दाबतात का? की काम लांबवायला…"

"बघतो, सर," मी म्हणालो.

शनिवारी म्याडम आईला दवाखान्यात न्यायला म्हणून लवकर गेल्या, सोमवार-मंगळवारची रजा टाकून. दुपारी ऑफिस रिकामं झालं तसं मी मशीन टेबलावर आडवं घेतलं. या वेळी ते टोपण काढलं.

पंख्याच्या दांड्याभोवती पांढरा दोरा गच्च गुंडाळला गेला होता. हारातला दोरा. पंखा बोटानं ढकलला तरी फिरेना. खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत झेंडूच्या पाकळ्या चेपून बसल्या होत्या, तपकिरी, भाजल्यासारख्या. दोन पट्ट्यांच्या मधे हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा एक दाणा उभा अडकला होता. पंखा थांबलेला, वाट बुजलेली. प्रोसेसर तापायचा आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच स्वतःला बंद करून घ्यायचं. बस, इतकंच. त्याला कोणी हात जोडले होते आणि कोणी नाही, याचा संबंध एवढाच की हात जोडणाऱ्यांतल्या एकानं, म्हणजे मी, त्याचा गळा आवळला होता.

मी ब्लेडनं दोरा कापला. चिमट्यानं पाकळ्या काढल्या. दाणा मात्र निघता निघेना. तो काढायला मी टाचणी वापरली, हे मला अजून आठवतं. सगळं एका कागदात गुंडाळून चहाच्या कागदी पेल्यांखाली, कचऱ्याच्या बादलीत अगदी तळाशी दाबलं. एवढं खाली दाबायचं कारण तेव्हाच मला माहीत होतं. घरी जाताना रस्त्यात मी ठरवलं होतं की सोमवारी सांगू. हसण्यावारी नेत सांगू. मीच घोळ केला म्हणून सांगू.

सोमवारी म्याडमच्या जागेवर दुसऱ्या लिपिकाला बसवलं. मशीन दिवसभर चाललं. मंगळवारीही चाललं. मामा म्हणाले, "बघा सायेब, म्याडम न्हाईत तर कसं गुमान चालायलंय." आणि त्या क्षणी सांगणं अवघड होऊन बसलं. आता सांगायचं म्हणजे नुसता घोळ कबूल करायचा नव्हता. आठ दिवस एका बाईला मी कशावरून बोलत होतो, तेही त्यातच आलं असतं.

मंगळवारी संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. म्याडमचा करार दिवाळीनंतर संपत होता, पुढचा कागद त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही मशीन उघडून बघितलंत. तुम्हाला यातलं कळतं. मशीनमध्ये काही दोष होता का?"

मी म्हणालो, "मशीनमध्ये तसा काही दोष नव्हता, सर."

या वाक्याचा मी पुढं फार आधार घेतला. मशीनचा दोष नव्हताच की! दोष बाहेरून आत गेला होता. शब्दाला शब्द खरा. पण त्या खोलीत त्या वाक्याचा जो अर्थ झाला, तो मला बोलण्याआधी माहीत होता. प्राचार्यांनी मान हलवली आणि तो कागद फायलीत खाली सरकवला.

म्याडमना सांगण्यात आलं की पद कमी केलंय. शेवटच्या दिवशी त्या सगळ्यांना भेटल्या. मला म्हणाल्या, "सर, तुम्ही लई प्रयत्न केले." त्यांचा तो टूथब्रश ड्रॉवरमध्ये राहिला होता. पुढं तो मामांनी टाकून दिला.

गेल्या उन्हाळ्यात मी नांदेडला मुलीकडं गेलो होतो. म्याडमनी मुदखेडला तहसीलजवळ ऑनलाइन फॉर्मचं केंद्र टाकलंय, हे मला एकाकडून कळलं होतं. मुलीला खोटं सांगून सकाळच्या गाडीनं मुदखेडला गेलो. मनात वाक्य तयार होतं. दुकानात गर्दी नव्हती. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची पुढं केली. त्यांचे केस बरेच पिकले होते.

"सर! इकडं कसं काय?"

"आधारची झेरॉक्स काढायची होती."

"झेरॉक्सला लातूरहून मुदखेडला?" त्या हसल्या. "लातुरातल्या मशिनी बंद पडल्या का काय?"

चहा मागवला. कोणीतरी उत्पन्नाचा दाखला काढायला आलं, म्हणून त्या मशीनकडं वळल्या. बसण्याआधी त्यांनी खिडकीच्या लोखंडी गजाला क्षणभर हात लावला. मग बसल्या. प्रिंट काढायला उठल्या, परत आल्या, पुन्हा गजाला हात. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"सवय लागलीय," त्या म्हणाल्या. "तिथं ते मशीन बंद पडायचं ना, मी घरी जाऊन वाचलं होतं. काही जणांच्या अंगात करंट ऱ्हातो, त्यानं मशीन बंद पडतंय म्हणे. म्हटलं आपलं तसंच काही असंल. लोखंडाला हात लावला की निघून जातो. तेव्हापासनं लावते. इथं एकदा पण बंद पडलं न्हाई." मग माझी झेरॉक्स काढता काढता सहज विचारलं, "सर, त्या मशीनला शेवटी काय झालं होतं हो?"

त्यांच्या मशीनचा बाजूचा पत्रा काढलेला होता. आतला पंखा स्वच्छ होता, वेगानं फिरत होता.

"जुनं झालं होतं," मी म्हणालो. "नंतर बदललं."

"तरीच," त्या म्हणाल्या.

झेरॉक्स माझ्या खिशात घडी करून होती. स्टेशनवर येऊन गाडीची वाट बघत बसलो. परत जायला दहा मिनिटंही लागली नसती.

त्यानंतर मी मुदखेडला गेलेलो नाही. त्या आजही रोज मशीनवर बसण्याआधी त्या गजाला हात लावत असतील. दोष त्यांच्या हातात नव्हता, तो दोरा मी आत सोडला होता, तो सापडल्यावर मी लपवला आणि त्यांची नोकरी माझ्या एका वाक्यानं गेली, हे त्यांना समोर बसून सांगायचं देणं मी लागतो. मग हेच ऑफिसात, जिथं सगळे हसले होते तिथं, सगळ्यांसमोर सांगायचं. दोन्ही देणी अजून बाकी आहेत.