पाच शेडचं परराष्ट्र धोरण

निवृत्त होईपर्यंत मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात परराष्ट्र धोरण शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत परराष्ट्रातला एकही माणूस माझ्यासमोर येऊन बसला नाही. घरी यावरून माझी यथेच्छ चेष्टा व्हायची. आमचे हे विचारायचे, "तुझं धोरण गगनबावड्याच्या घाटापुढं कधी गेलंय का?" मी म्हणायचे, धोरण कुठं जात नसतं. माल जातो, माणसं जातात. धोरण त्यांच्या आधी वाट मोकळी करून ठेवतं. यावर ते वर्तमानपत्र उघडायचे, म्हणजे मी जिंकले असं धरायला हरकत नसायची.

विषयाबद्दल मला कधी संकोच वाटला नाही. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, ह्याचा आमाला काय उपेग?" वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची. मी त्यांच्या म्हशींच्या पेंडीपासून सुरुवात करायचे आणि तास संपेपर्यंत त्यांना बंदरावर नेऊन सोडायचे. मुलं शेवटपर्यंत बसायची. माझ्या आवाजामुळं झोप लागत नसे, असंही त्यांच्यातल्या एकानं मला नंतर सांगितलं.

माझा लाडका धडा मध्यम सत्तांचा. म्हणजे असे देश, जे दुसऱ्यावर डोळे वटारण्याइतके मोठे नाहीत आणि कुणीही यावं टपली मारून जावं इतके लहानही नाहीत. मी सांगायचे, घरातला मधला भाऊ आठवा. थोरल्याचा मान त्याला नाही, धाकट्याचे लाड नाहीत. मग तो काय करतो? सगळ्यांशी बोलणं ठेवतो, चौघांना एकत्र बसवतो आणि आपलं म्हणणं बैठकीच्या तोंडून वदवून घेतो. मधल्या भावांना हे ऐकून फार बरं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात मागच्या बाकावरच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पदवी घेऊन त्यानं उद्यमनगरातली वडिलांची फाउंड्री हातात घेतली होती, आणि आता त्या गल्लीत सगळ्यात मोठी भट्टी त्याची होती. पंपाची लोखंडी आवरणं तो ओतायचा. "मॅडम, उद्या या की. व्हिएतनामचं पावणं यायला लागल्यात. इंग्रजी बोलायला कोण तर दांडगं पायजे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तुमचा विषयच हाय की."

काम मोठं होतं, एका शेडच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून त्यानं गल्लीतल्या आणखी चौघांना बरोबर घेतलं होतं. आजवर एकमेकांचे भाव पाडण्यात ज्यांची हयात गेली, ते पाचजण एका टेबलाशी बसणार होते. चौघांच्या भट्ट्या आठवड्यातले निम्मे दिवस थंड असायच्या. हे काम मिळालं तर त्या पेटत्या राहतील, नाहीतर दोघांना शेड विकायलाच लागेल, हे त्यानं मला गाडीतच सांगितलं. मी नवी साडी नेसले होते. घरून निघताना हे म्हणाले, "जा, देशाचं नाव राख." त्यांना काय जातंय बोलायला.

भट्टीच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. पाहुणे दोघं: खरेदी बघणारे एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची भाषा इंग्रजीत सांगणारी एक मुलगी. आमच्या बाजूला पाचजण आणि मी. भाव, मुदत, वाहतूक, एकेक विषय निघत गेला तसे आवाज चढत गेले. टेबलावर हात आपटले गेले. ती मुलगी माझ्या कानाशी येऊन विचारू लागली, ह्यांचं भांडण मिटेपर्यंत आम्ही बाहेर थांबू का? मी तिला म्हटलं, भांडण नाही ग, ही चर्चा आहे. आमच्याकडं भांडण झालं की माणसं गप्प होतात.

थोड्याच वेळात तेही झालं. माझ्या विद्यार्थ्यानं दोन अटी मांडल्या. पहिली अशी की पुढची तीन वर्षं माल फक्त इथूनच घ्यायचा. दुसरी, प्रत्येक आवरणावर उठावाच्या अक्षरांत नाव असेल ते त्याच्या फाउंड्रीचं, कारण करार त्याच्या नावावर. बाकीचे चौघं त्याला माल पुरवतील. चौघांनी ही दुसरी अट तिथंच पहिल्यांदा ऐकली. त्यांच्यातले सगळ्यात वडील, ज्यांना सगळी गल्ली आबा म्हणते, ते मघापर्यंत सगळ्यात मोठ्यानं बोलत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

पाहुण्यांनी "फक्त" ऐकल्यावर पेनाला टोपण लावलं आणि ते छान हसले. ते हसू मी ओळखलं. वर्षानुवर्षं मी त्या देशाबद्दल शिकवत होते. शेजारी एवढा मोठा देश, एकामागून एक बड्या सत्तांशी झालेल्या लढाया, आणि आज त्या सगळ्यांशीच जोरात चाललेला व्यापार. कुणा एकाच्या गोठ्यात दावणीला बांधून घ्यायचं नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. आसपासच्या देशांनी मिळून केलेल्या त्यांच्या संघटनेत सगळे हो म्हणेपर्यंत निर्णय होत नाही, आणि अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. अशा देशातला माणूस पंपाची आवरणं विकत घ्यायला आला म्हणून सवय घरी ठेवून येत नाही. मी उठले, चहा सांगितला, आणि विद्यार्थ्याला जिन्यात ओढलं.

"फक्त काढ," मी म्हटलं.

"मॅडम, उद्या ते दुसरीकडं गेलं तर? पेटवलेल्या भट्ट्या परत थंड हुतील."

"जातील की. आणि परत तुझ्याकडंही येतील. दार उघडं दिसलं तरच आत येणारी माणसं आहेत ती. कडी लावताना दिसलास, की उंबऱ्यावरनंच परत जातील."

त्यानं मान डोलावली. धंद्यातला माणूस, फायद्याचं लगेच कळतं. मग मी नावाचं काढलं, तसा तो एकदम लाल झाला.

"मोठी भट्टी कुणाची? पावणं आणलं कुणी? विमानतळावर हार घिऊन कोण गेलतं?"

"तूच. म्हणूनच ते चौघं तुला घाबरतात. आपल्या उपखंडातल्या देशांचीही एक संघटना आहे. ती का हलत नाही, ते शिकवलं होतं. इतर कारणं आहेतच, पण एक कारण हे, की आपण तिच्यात एवढे मोठे, की बाकीच्यांना व्यापाराच्या आधी आपली भीती आठवते. आबांकडं बघितलंस? मघापासनं एक शब्द नाही. ते चौघं उठून गेले तर तुझी एकट्याची भट्टी हे काम पुरं करेल?"

"मॅडम, तुम्ही इंग्रजीचं बघा. धंद्याचं आमच्यावर सोडा."

"मला बोलावलंस तर मी विषयासकट येते," मी म्हटलं. मलाही राग आला होता आणि मी तो लपवला नाही.

तो कठड्याला टेकला. आवाज खाली आला. "आमच्या बाबांनी उभा जन्म माल ओतला, मॅडम. पर प्रत्येक मालावर नाव दुसऱ्याचं. एकदा तर आपलं नाव समुद्रापलीकडं जाऊ दे म्हणायचं. मी पॅटर्न बी बनवून ठेवलाय. नावासकट."

पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा घेतात तो लाकडी नमुना. खोटं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "नाव तुझं आहे. ठरव तू." आणि आम्ही वर गेलो.

पहिली अट त्यानं मागं घेतली, तसं पाहुण्यांच्या पेनाचं टोपण निघालं. मग त्यांनी मुलीकरवी विचारलं, तुमच्या या गटाचा प्रमुख कोण? पुढं आम्ही बोलायचं कुणाशी?

मी भाषांतर केलं. खाली भट्टीचा पंखा घरघरत होता. चौघंही टेबलाकडं बघत होते आणि माझा विद्यार्थी आबांकडं. तो "मी" म्हणणार याची मला जवळजवळ खात्री होती, आणि तसं म्हणायचा त्याला हक्कही होता.

"प्रमुख कोण न्हाई," तो म्हणाला. "पाच शेडचं मिळून एक नवीन नाव लावायचं, मालावर बी आणि करारावर बी. बोलायचं काम दरसाल एकाकडं. यंदा आबा." मग माझ्याकडं वळून, "सांगा मॅडम. नीट सांगा त्यास्नी."

मी सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशी फार चांगलं झालं. वयस्कर पाहुणे उठले आणि पाचही जणांशी त्यांनी एकेक करून हात मिळवला. आबा टोपी डोक्यावर चढवून "पाचामुखी परमेश्वर!" म्हणून ओरडले, आणि लगेच माझ्या विद्यार्थ्यावर डाफरले, "ह्या वयात मला कुठं फिरवतोस रं? मला इंग्रजी येतंय व्हय?" तो म्हणाला, "मॅडम हाईत की." मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी नाही म्हटलं नाही.

पहिल्या खेपेचं काम त्याच दुपारी पक्कं झालं. पाहुण्यांना हॉटेलवर सोडायला चौघं गेले. विद्यार्थी मला घरी सोडणार होता, म्हणून मी त्याला शोधत खाली आले, तर तो पॅटर्नच्या टेबलाशी उभा होता. लाकडावर चिकटवलेली नावाची अक्षरं तो पटाशीनं एकेक करून उचकटत होता. हे काम कुणालाही सांगता आलं असतं. अर्धं नाव निघालं होतं.

"मला तुझा फार अभिमान वाटतो," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं नाही. "अभिमान ऱ्हाऊ दे मॅडम. लई दुखायलंय."

"दुखणारच," मी म्हटलं. "दुखलं नसतं तर तू काही दिलंच नसतंस."